किलर जो ही जॅझ ट्यून जॅमला (सगळे मिळून वाजवतात त्या बैठकीला) वाजवायची असेल तर एवढी तयारी करून या

आधी ऐकणं. बेनी गोल्सनची ही ट्यून 1960 च्या मीट द जॅझटेट अल्बमवर आहे, आर्ट फार्मर ट्रम्पेटला आणि पियानोवर मॅकॉय टायनर, ती घ्या, मग क्विन्सी जोन्सचं 1969 चं व्हर्जन ऐका, पण सोलो लगेच पाठ करायला घेऊ नका, बेसबरोबर नुसतं गुणगुणत बसा.

फॉर्म 32 बारचा (एक बार म्हणजे चार बीट), ए ए बी ए, म्हणजे आठ-आठ बारचे चार भाग आणि त्यातला तिसरा वेगळा, आणि ए मध्ये एक बार सी सेव्हन कॉर्ड, एक बार बी फ्लॅट सेव्हन असं आलटून पालटून चालतं. टेनर सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटवाल्यांनी, त्यांचं नोटेशन वेगळ्या पट्टीत असतं म्हणून, ते डी सेव्हन आणि सी सेव्हन असं घरूनच लिहून आणा, अल्टो सॅक्सला ए सेव्हन आणि जी सेव्हन.

आता मुख्य गोष्ट, इथे वेळ द्या. सी ला सा धरा. सी सेव्हनवर खमाज थाटाचे स्वर, आणि बी फ्लॅट सेव्हन आला की तेच स्वर आसावरी थाटाचे होतात, म्हणजे बदलतात फक्त ग आणि ध, दोन्ही कोमल होतात, बाकी पाच स्वर जागचे हलत नाहीत. त्यातही ग कडे कान थोडा सैल ठेवला तरी चालतं कारण सी वर कोमल ग ब्लूज वाटतो आणि बी फ्लॅटवर शुद्ध ग शार्प इलेव्हन (बी फ्लॅटला सा धरला तर तीव्र म) म्हणून छानच लागतो, पण ध चं तसं नाही, बी फ्लॅटवर शुद्ध ध वर थांबलात की लगेच खटकतं. म्हणून आधी तोंडाने गा, शुद्ध ध, पुढच्या बारला कोमल ध, परत शुद्ध, वाद्य नंतर हातात घ्या. मग ग वरून रे वर आणि कोमल नी वरून कोमल ध वर उतरायचं, बरोबर पहिल्या बीटला, आणि ते जमलं की अर्धा बीट आधी, तिथे खरा स्विंग येतो.

सी मायनर पेंटाटॉनिक (सा, कोमल ग, म, प, कोमल नी) दोन्ही कॉर्डवर चालते हो, पण अख्खा सोलो तिच्यावर काढला तर कॉर्ड बदलल्याचं कोणाला कळणारच नाही आणि या ट्यूनची सगळी गंमत तिथेच आहे.

मेट्रोनोम 60 वर लावून ते ठोके बारमधले दुसरा आणि चौथा बीट समजा. ब्रिजचे, म्हणजे बी भागाचे, कॉर्ड वेगळे आहेत, ते वेगळे बसवा. आणि सोलोला किती कोरस (32 बारच्या फेऱ्या) घेणार ते ड्रमरला आधीच सांगून ठेवा.