ऑफिसात ऑटोमॅटिक दार हवंय? आधी काटा लावा

"दाराशी वॉचमन असतोच की, तो उघडेल." व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणाऱ्याने ऑटोमॅटिक दार मागितलं की हे उत्तर ठरलेलं. वॉचमन जेवायला जातो, आणि टॉयलेटच्या दाराशी तर तो कधीच नसतो. म्हणून मागणीची सुरुवात टॉयलेट आणि कॅन्टीनच्या दारांपासून करा.

१. बॅग तोलायचा हुकाचा काटा हँडलला अडकवून दार हळू ओढा. अमेरिकेच्या एडीए (दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा) मानकांत इमारतीच्या आतलं बिजागरीचं दार उघडायला लागणाऱ्या जोराला ५ पौंडांची, म्हणजे साधारण सव्वादोन किलोची मर्यादा आहे. आकडा थोडाच जास्त असेल तर आधी मिस्त्रीकडून क्लोजर (दार आपोआप मिटवणारं यंत्र) सैल करून घ्या. कधीकधी तेवढ्यानेही भागतं. फायर डोअरच्या (आग अडवणाऱ्या दाराच्या) क्लोजरला मात्र परस्पर हात लावू नका. दार उघडल्यावर ९०० मिमी मोकळी रुंदी मिळते का, तेही मोजा. ती नसेल तर मोटर लावूनही खुर्ची चौकटीतच अडकू शकते.

२. अर्ज लेखीच द्या. कोणतं दार, दिवसात किती खेपा, काट्याचा आकडा, एक फोटो, बस्स. आजारपणाची कहाणी नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेला अशी सोय द्यावीच लागते. खासगी कंपनीत कलम २१ खालचं समान संधी धोरण मागून घ्या. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठीच्या सुविधा लिहिलेल्या असायला हव्यात.

३. दार नवंच घ्यावं लागतं असं नाही. आहे त्या दारावर मोटर बसते. खरी गंमत दार उघडायच्या बटणाच्या जागेत असते. ते खुर्चीत बसून कोपराने दाबता यावं आणि दार उघडतं त्या कक्षेबाहेर असावं, नाहीतर दार गुडघ्यावरच येतं. दाराला कार्ड लावायचं कुलूप असेल तर आधी कुलूप सुटलं पाहिजे, मग मोटर फिरली पाहिजे. हे बसवणाऱ्याला बजावून सांगा. वीज गेल्यावर दार हाताने उघडतं का, हे समोर मेन स्विच बंद करूनच बघा.

४. चाचणी ज्याच्यासाठी दार आहे त्यानेच घ्यायची, तीही मांडीवर लॅपटॉप आणि हातात चहाचा कप घेऊन. मागची चाकं उंबऱ्यावर असतानाच दार मिटायला लागलं, तर बसवणारा निघून जायच्या आत उघडं राहायची वेळ वाढवून घ्या.