टेकोड्यांचं, म्हणजे अळंब्यांचं, विष आणि माझी फसलेली व्हायवा

एम. फार्म.च्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "अमानिटा मस्कॅरिया खाऊन रुग्ण आला. विष कोणतं, उतारा कोणता?" मी लगेच ठोकून दिलं, "मस्कॅरिन, मॅडम. अ‍ॅट्रोपिन द्यायचं." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दे. आधीच बरळणारा माणूस त्यानं आणखी बरळायला लागला, की तूच धर त्याला." बाहेर येऊन मित्रांसोबत तर्री-पोहे मागवले, पण घास काही उतरेना.

नागपुरात फार्मकॉलॉजीला नव्याने आलेल्यांना अळंब्यांच्या विषांचा हा विषय कोष्टक पाठ करून उरकावासा वाटतो. मीही तेच केलं होतं. कोष्टकात अळंबीचं नाव, विषाचं नाव आणि उतारा एका ओळीत असतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

मस्कॅरिन १८६९ साली श्मिडेबर्ग आणि कोप्पे यांनी याच लाल टोपीच्या अमानिटातून वेगळं काढलं, म्हणून त्याला तिचं नाव मिळालं. पण तिच्यात ते असतं किती? ताज्या वजनाच्या सुमारे ०.०००३ टक्के. इनोसायबे आणि क्लिटोसायबे या दिसायला साध्यासुध्या अळंब्यांच्या काही जातींत ते कितीतरी पटींनी जास्त असतं. मस्कॅरिनचा खरा रुग्ण तिकडून येतो.

तो रुग्ण समजून घ्यायचा तर वहीत नसांचा संदेश पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलिन आणि मस्कॅरिन शेजारी-शेजारी काढा. अगदी हाताने काढा, झेरॉक्स नको. दोघांच्या एका टोकाला तीन मेथिल गट धरून बसलेला धनभारित नायट्रोजन दिसेल. त्यामुळे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची तो संदेश घेणारी जागा, फसतो. फरक पुढे आहे. अ‍ॅसिटिलकोलिनमध्ये एस्टरचा सांधा असतो आणि अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम तो क्षणात तोडतं. मस्कॅरिनमध्ये तो सांधाच नाही, ऑक्सिजन असलेलं पाच अणूंचं कडं आहे. एन्झाइमला कापायला काही सापडत नाही, म्हणून संदेश चालूच राहतो. ग्रंथी आणि आतड्यावरच्या एम-३ प्रकारच्या रिसेप्टरमुळे लाळ, घाम, अश्रू, जुलाब. हृदयावरच्या एम-२ मुळे नाडी मंद. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आणि तोच धनभार असल्यामुळे मेंदूच्या रक्तअडसरातून ते पार होत नाही, म्हणून घामाने निथळणारा हा माणूस तुमच्याशी बहुधा शुद्धीवर बोलत असतो. इथे अ‍ॅट्रोपिन बरोबर आहे, ते हेच रिसेप्टर अडवतं.

विदर्भातल्या विद्यार्थ्याला हे चित्र अनोळखी नसावं. २०१७ मध्ये यवतमाळकडे कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली, ते आठवत असेल. (आपल्याकडे कीटकनाशकालाही 'औषध'च म्हणतात, तो वेगळा विषय.) ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातली औषधं त्या तोडणाऱ्या एन्झाइमलाच बांधून ठेवतात, म्हणून लाळ-घाम-जुलाब तसेच दिसतात. पण तिथे अ‍ॅसिटिलकोलिन सगळीकडेच साचतं, स्नायूंवरच्या निकोटिनिक (निकोटिनने चेतणाऱ्या) रिसेप्टरवरही, म्हणून स्नायू थरथरतात आणि मग लुळे पडतात. मस्कॅरिन स्नायूंच्या त्या रिसेप्टरला हात लावत नाही. मस्कॅरिनिक आणि निकोटिनिक ही विभागणी हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये मांडली. ती याच दोन रुग्णांवरून मला खरी कळली, पुस्तकावरून नाही.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे. लाल अमानिटातली कामाची विषं म्हणजे आयबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल. पहिलं मेंदूतल्या चेतवणाऱ्या ग्लुटामेटसारखं दिसतं आणि चेतापेशींना चेतवतं. त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू निघून गेला, नुसतं वाळवतानाही जातो, की मस्किमॉल तयार होतं. ते मेंदू शांत ठेवणाऱ्या गाबाच्या जागी बसून पेशींना गप्प करतं. चेतवणारं आणि झोपवणारं विष एकाच घासात! म्हणून रुग्ण कधी बरळतो, कधी गुंगीत जातो. अ‍ॅट्रोपिन मेंदूत शिरतं. धोतरा खाल्लेल्या माणसाची गत ऐकली असेल, तीही याच कुळातल्या रसायनांची करणी. म्हणजे मस्कॅरिनची लक्षणं नसताना ते देणं हे बरळण्यात भर घालणंच.

दुसरा घोळ 'अल्कलॉइड' या शब्दाचा, म्हणजे वनस्पती-बुरशीतल्या नायट्रोजनयुक्त रसायनांचा. काही अळंब्यांतलं भास घडवणारं सायलोसायबिन खरं इंडोल अल्कलॉइड. आल्बर्ट हॉफमन यांनी ते १९५८ मध्ये वेगळं केलं. शरीरात त्यातला फॉस्फेट गळतो, सायलोसिन उरतं आणि सेरोटोनिनच्या ५-एचटी-२ए रिसेप्टरवर बसतं. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली असल्याने प्रॅक्टिकलला दिसायचं नाही. पण अळंब्यांतलं सगळ्यात जास्त जीव घेणारं अ‍ॅमाटॉक्सिन अल्कलॉइड नाहीच, आठ अमिनो आम्लांचं कडं आहे. नसांशी त्याचं देणंघेणं नाही. ते आरएनए पॉलिमरेज-२ हे पेशीला प्रथिनं बनवण्यासाठी लागणारं एन्झाइम अडवून यकृत मारतं आणि शिजवल्याने नष्ट होत नाही.

म्हणून कोष्टक करायचंच तर पहिला रकाना वेळेचा ठेवा. मस्कॅरिनचा त्रास बहुधा दोन तासांच्या आत सुरू होतो, मस्किमॉलचाही साधारण तेवढ्यातच. उलट्या सहा तासांनंतर सुरू झाल्या, तर अ‍ॅमाटॉक्सिन डोक्यात आलंच पाहिजे. मधे रुग्णाला बरं वाटतं, त्याला भुलायचं नाही. आणि ताटात दोन-तीन जाती मिसळलेल्या असतील, तर लवकर त्रास झाला म्हणजे सुटलो असंही नाही.

प्रॅक्टिकलमध्ये कोंबडीच्या आतड्याचा प्रयोग मिळाला तर रडत बसू नका. आतडं जिवंत ठेवणारं टायरोड द्रावण, ३७ अंश, अ‍ॅसिटिलकोलिनचा थेंब, आणि आकुंचनाची रेघ वर चढते. मग अ‍ॅट्रोपिन टाका, तोच थेंब निष्प्रभ होतो. अ‍ॅसिटिलकोलिनचा डोस वाढवत न्या, रेघ पुन्हा चढते. 'स्पर्धात्मक विरोध' हे शब्द मी तीन वर्षं लिहीत होतो. ते दिसले त्या दुपारी.

जुलै-ऑगस्टमध्ये घरी सात्या येतात, वारुळावरच्या अळंब्या. आई भाजी फोडणीला टाकता टाकता विचारते, "तू तं शिकला ना रे यातलं, पाहून सांग बरं, चांगल्या हाय का?" मी सांगतो, रेणू ओळखतो, अळंबी नाही. ते शास्त्र वेगळं. चांदीचं नाणं काळं पडणं, अळी लागलेली असणं, या खुणा तर मुळीच खऱ्या नाहीत. आई म्हणते, "मंग काहून शिकला बाप्पा?" विकणारी बाई तिच्या ओळखीची, वर्षानुवर्षांची. मी जेवायला बसतो आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते एकदा पाहून ठेवतो.