आठशे वेळा सांगितलं! चिनी विद्यार्थ्यांची इंग्रजी अतिशयोक्ती कुठे घसरते

पुण्यात पार्किंग शोधण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, असं मी ऑनलाइन वर्गात म्हणालो. शांघायची विद्यार्थिनी हसून म्हणाली, ‘टीचर, यू आर सो एक्झॅजरेटेड!’ तिला म्हणायचं होतं ‘यू आर एक्झॅजरेटिंग’, म्हणजे सर, जरा वाढवून सांगताय.

या चुकीचं मूळ ‘ख्वाचांग’, म्हणजे वाढवून सांगणं किंवा अवाजवी, या चिनी शब्दात आहे. तो क्रियापदही आहे आणि विशेषणही. माणूस, हावभाव, भडक कपडे, अवाच्या सवा भाव, सगळ्यांना तो चालतो. इंग्रजीत ही कामं वाटलेली आहेत: हावभाव ‘एक्झॅजरेटेड’, कपडे ‘ओव्हर द टॉप’, भाव ‘आउटरेजस’. म्हणून हा शब्द एकटा पाठ करू नये, सोबतच्या नामासकट करावा.

‘भुकेने मेलो’ चिनीतही अगदी आपल्यासारखंच म्हणतात. त्यामुळे ‘आय ॲम हंग्री टू डेथ’ हटकून येतं. तिथे ‘स्टार्व्हिंग’ हवं. ते सुधारलं की पुढच्या आठवड्यात ‘व्हेरी स्टार्व्हिंग’ हजर! त्या शब्दात ‘व्हेरी’ आधीच मुरलेलं आहे. फार तर ‘ॲब्सोल्यूटली’ लावा. मग प्रश्न येतो, ‘बोअर्ड टू डेथ’ आणि ‘स्केअर्ड टू डेथ’ कसं चालतं? चालतं खरं. चिनीत माणूस आनंदानेही मरतो, पण इंग्रजीत ‘हॅपी टू डेथ’ कुणी म्हणत नाही. याला नियम शोधू नका, जोड्या लक्षात ठेवा.

आकड्यांची तर गंमतच. आपली आई ‘शंभरदा सांगितलं’ म्हणते, चिनी आई ‘आठशे वेळा’. ‘आय टोल्ड यू एट हंड्रेड टाइम्स’ ऐकलं की इंग्रज माणसाला वाटतं, हिने मोजलं की काय! तिथे ‘अ मिलियन टाइम्स’ म्हणावं.

गोष्ट रंगवून सांगणं म्हणजे चिनीत ‘तेल घालून व्हिनेगर टाकणं’. आपण तिखटमीठ लावतो. इंग्रजीत मात्र हे शब्दशः नेलं तर सॅलडची पाककृती वाटते. सरळ ‘एम्बेलिश’ वापरा. गर्दीला चिनीत ‘माणसांचा डोंगर, माणसांचा समुद्र’ म्हणतात. त्याचं शब्दशः ‘पीपल माउंटन पीपल सी’ मात्र इतकं गाजलंय की ते थट्टेतच शोभतं. एरवी ‘पॅक्ड’ पुरे.

राहता राहिलं ‘टू’, म्हणजे ‘नको इतकं’. त्याचा चिनी जोडीदार ‘थाय’ कौतुकालाही लागतो, म्हणून पाहुणा यजमानाला ‘द फूड इज टू डिलिशस’ म्हणतो. तिथे ‘सो’ हवं. ही चूक मात्र मी जरा हळू आवाजात सुधारतो, कारण ‘टू गुड’ म्हणण्यात आपण पुणेकरही मागे नाही.