उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञानाचा कोणता अवघड विषय घ्यावा?

नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या किंवा चौथ्या सत्राची परीक्षा आटोपली की पुढचे काही आठवडे मोकळे मिळतात, आणि पुढच्या वर्षाचा एखादा डोईजड विषय याच काळात उरकून घ्यावा, असे बहुतेकांना वाटते. ते योग्यच आहे; फक्त विषय निवडण्यापूर्वी तो कशामुळे अवघड आहे हे नीट तपासावे, असे मी माझ्या बी.एस्सी., एम.एस्सी. आणि त्यानंतरच्या शिकवण्यांच्या अनुभवावरून सांगेन.

आधी वेळेचा हिशेब करावा. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे 15 तासांचे अध्यापन, म्हणजे चार श्रेयांकांचा विषय 60 तासांचा झाला. तो सहा आठवड्यांत बसवायचा तर आठवड्याला 10 तास व्याख्यानांचे आणि त्याच्या दुप्पट वेळ गणिते व उदाहरणे सोडवण्याचा, असे 30 तास होतात. दोन विषय घेतले की 60. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळत असताना आणि वीज गेल्यावर कूलरही बंद पडत असताना हे 60 तास कागदावरच राहतात. माझा खरा अभ्यास पहाटेपासून ऊन चढेपर्यंतच होत असे, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारचे वाचन मी वेळापत्रकातून काढूनच टाकत असे. म्हणून विषय एकच घ्यावा. दोन घेणाऱ्यांचा उत्साह मला समजतो, पण जूनच्या अखेरीस दोन्ही अर्धवट राहिलेलेच मी अधिक पाहिले आहेत.

भौतिकशास्त्र घेतलेल्यांना माझा सल्ला गणितीय पद्धतींचा आहे: सदिश कलन, अवकल समीकरणे, फूरिये श्रेणी. विद्युतगतिकी अवघड असल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते, परंतु मॅक्सवेलची समीकरणे फळ्यावर आल्यावर अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला पुष्कळदा भौतिकशास्त्र नव्हे, तर डायव्हर्जन्स आणि कर्ल या सदिश कलनातल्या क्रिया अडवत असतात. गाऊसचे प्रमेय एका घनावर आणि एका गोलावर, दोन्ही बाजूंची संकलने स्वतः सोडवून पडताळले, की पुढच्या सत्रातील निम्मी भीती कमी होते. शिवाय या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही आणि उत्तर बरोबर आले की नाही हे घरबसल्या कळते.

रसायनशास्त्र घेतलेल्यांनी सेंद्रिय रसायनातील अभिक्रियांच्या यंत्रणा घ्याव्यात. हा विषय पाठांतराचा समजला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. 2-ब्रोमोब्युटेन घ्या: ॲसिटोनमध्ये सोडियम आयोडाइड असेल तर ते एसएन2 मार्गाने, म्हणजे एकाच टप्प्यात, प्रतियोजन देते, आणि अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवले तर मुख्यतः 2-ब्युटीन देते. अभिकारक, द्रावक आणि तापमान एकत्र तोलण्याची ही सवय रोज थोडी उदाहरणे सोडवूनच लागते, आणि इतर विषयांची ओढाताण नसलेला काळ त्यासाठी सोयीचा असतो. यंत्रणा लिहिताना इलेक्ट्रॉनांची हालचाल दाखवणारा वक्र बाण नेहमी इलेक्ट्रॉन असतात तिथून निघाला पाहिजे. तो हायड्रोजन आयनापासून काढलेला दिसला की मी पुढचे पान उलटण्याआधी विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे पाठवतो.

ऊष्मागतिकी मात्र शिक्षकाशिवाय सुरू करू नये. भौतिकशास्त्राच्या अनेक पुस्तकांत प्रणालीने केलेले कार्य धन धरतात, तर रसायनशास्त्राच्या आजच्या पुस्तकांत प्रणालीवर केलेले. दोन पुस्तके शेजारी ठेवून एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी पहिल्या नियमापाशीच चिन्हांत अडकतो. पुंज यांत्रिकीलाही मुरायला पूर्ण सत्र लागते. असेंद्रिय रसायनातील वर्णनात्मक भाग उन्हाळ्यात घोकला तर हिवाळी परीक्षेपर्यंत टिकत नाही. प्रात्यक्षिकांचा तर प्रश्नच येत नाही: त्यांच्या एका श्रेयांकाला 30 तास लागतात आणि प्रयोगशाळा सुट्टीत बहुधा कुलूपबंद असते.

मागच्या सत्राचा एखादा विषय राहिला असेल, म्हणजे बॅक लागला असेल, तर वरचा क्रम बदलतो. ज्या विषयावर पुढचा पेपर उभा आहे तो आधी सोडवावा; केवळ गुणांसाठी राहिलेला दुय्यम पेपर परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यातही निघतो.

शिकायचे कुठून, हा प्रश्न आता पूर्वीइतका कठीण नाही. बर्डी किंवा धंतोलीतील शिकवणी परवडत नसेल तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनाशुल्क पाहता येतात. तिथले अभ्यासक्रम साधारणतः जानेवारी आणि जुलैपासून चालतात, त्यामुळे मे महिन्यात ऐकलेल्या व्याख्यानांचे प्रमाणपत्र मिळणार नाही, हे गृहीत धरावे. ज्यांना श्रेयांकही हवे आहेत त्यांनी जुलैच्या सत्रात नोंदणी करण्यापूर्वी, तो अभ्यासक्रम आपल्या महाविद्यालयाला मान्य आहे का, हे तेथील समन्वयकांकडून लेखी विचारून घ्यावे, कारण परीक्षा दिल्यानंतर मान्यता मागणाऱ्यांना कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात.