नव्या अमेरिकी प्रशासनाची आर्थिक यादी कशी वाचावी

अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी २० जानेवारीला दुपारी होतो आणि काही तासांतच सह्यांची दृश्ये आपल्याकडच्या बातम्यांत फिरू लागतात. चामडी फोल्डर, जाड पेन आणि कॅमेऱ्याकडे वळवून धरलेला कागद. ती दृश्ये पाहून पुण्यातल्या आयटी कंपनीतली मुलगी, अंधेरीच्या सीप्झमधून दागिने अमेरिकेला पाठवणारा निर्यातदार आणि न्यू जर्सीत मुलाकडे राहायला गेलेले आईवडील आपापले अंदाज बांधतात. हे टिपण त्यांच्यासाठी आहे. नवे प्रशासन जे अग्रक्रम जाहीर करते, त्यांपैकी काय प्रत्यक्षात उतरेल, काय वर्षभर रेंगाळेल आणि काय न्यायालयात अडकेल, हे कागदावरूनच बऱ्याच अंशी ओळखता येते. त्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. पेन्सिल आणि थोडी चिकाटी पुरते.

सुरुवात आदेशाच्या शेवटापासून करावी. जवळजवळ प्रत्येक अध्यक्षीय आदेशाच्या अखेरच्या परिच्छेदात, हा आदेश लागू कायद्यांशी सुसंगत राहून आणि निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून अमलात आणला जाईल, अशा अर्थाचे एक ठरावीक वाक्य असते. कायदे करते काँग्रेस आणि निधी मंजूर करते तीही काँग्रेसच. (ही काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद. आपल्याकडच्या पक्षाशी तिचा संबंध नाही.) म्हणजे वर कितीही जोरकस भाषा असली, तरी आपल्या मर्यादेची कबुली त्या कागदाने स्वतःच दिलेली असते. त्यानंतर क्रियापदे पाहावीत. 'शुल्क लावण्यात येत आहे' हा निर्णय झाला. 'आढावा घ्यावा', 'चौकशी करावी', 'अहवाल सादर करावा' ही केवळ सुरुवात झाली. अशा वाक्याजवळ मुदतीची तारीख दिलेली असेल, तर ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी. २० जानेवारी २०२५ च्या व्यापारविषयक अध्यक्षीय ज्ञापनात एकही नवे शुल्क नव्हते, म्हणून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु त्यात अहवालांसाठी १ एप्रिलची मुदत दिलेली होती, आणि २ एप्रिलला जगभरच्या देशांवरील शुल्काची घोषणा झाली. तारीख वाचणाऱ्याला त्या दिवशी धक्का बसला असेल तो आकड्यांचा. घोषणेची वेळ त्याला आधीच ठाऊक होती.

आता आश्वासनांची यादी समोर घेऊन प्रत्येक कलमाशेजारी समासात एक खूण करावी. केवळ सहीने होणाऱ्या कामाला 'स', काँग्रेसची मंजुरी लागणाऱ्या कामाला 'काँ', मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हच्या हातातील कामाला 'फे' आणि जिथे खटला होणार हे उघड दिसते तिथे 'न्या'. एका कलमाला दोन खुणाही पडू शकतात. माझा अनुभव असा, की प्रचारसभेत सर्वाधिक टाळ्या मिळवणाऱ्या वाक्यांपुढे बहुधा 'स' येत नाही.

याच कागदाच्या मागच्या बाजूला दुसरी यादी करावी, आणि माझ्या मते खरी महत्त्वाची यादी हीच. नव्या राष्ट्राध्यक्षाने न मागता त्याच्या पदरात पडलेल्या मुदतींची ही यादी असते. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपते. त्यामुळे जानेवारीत आलेला राष्ट्राध्यक्ष पहिले आठ महिने आधीच्या प्रशासनाच्या काळातील तरतुदींवर, किंवा तात्पुरत्या मंजुरीवर, कारभार हाकतो. २०२५ चे उदाहरण घेतले, तर सरकारी खर्चाची तात्पुरती मंजुरी १४ मार्चला संपत होती. स्थगित ठेवलेली कर्जमर्यादा (सरकार एकूण किती कर्ज काढू शकते याची कायद्याने घातलेली कमाल मर्यादा) २ जानेवारीलाच सुमारे ३६.१ लाख कोटी डॉलरवर पुन्हा लागू झाली होती. आणि २०१७ च्या करकपातीतील वैयक्तिक प्राप्तिकराच्या बहुतेक सवलती ३१ डिसेंबरला संपणार होत्या. त्या निवडणुकीत कोणीही जिंकले असते, तरी पहिल्या वर्षाचे राजकारण याच तीन तारखांभोवती फिरणार होते. भाषणातले अग्रक्रम आणि कॅलेंडरवरचे अग्रक्रम यांची गाठ पडते, तेव्हा सहसा कॅलेंडर जिंकते.

पैशाचा हिशेब करताना लाख कोटींच्या आकड्यांत गुरफटू नये. सगळा खर्च शंभर डॉलरवर आणावा. सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या केंद्र सरकारने सुमारे ६.७५ लाख कोटी डॉलर खर्च केले आणि महसूल मिळाला सुमारे ४.९२ लाख कोटी. म्हणजे खर्चलेल्या शंभर डॉलरपैकी ७३ कमावलेले आणि २७ उसने. त्याच शंभरांतून सुमारे २२ सोशल सिक्युरिटी या वृद्धत्व निवृत्तिवेतनावर आणि प्रत्येकी १३ च्या आसपास मेडिकेअर हा ज्येष्ठांचा आरोग्यविमा, संरक्षण आणि कर्जावरील निव्वळ व्याज यांवर गेले. व्याज थांबवता येत नाही आणि बाकीच्या तिन्हींना हात न लावण्याची शपथ उमेदवार घेत असतात. उरलेल्या चाळिसाहून कमी डॉलरमध्ये गरिबांचा आरोग्यविमा, माजी सैनिकांच्या सुविधा, रस्ते, शिक्षण, संशोधन, न्यायालये, तुरुंग असे सारे येते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काँग्रेस दरवर्षी मतदानाने मंजूर करते तो सगळा खर्च, सैन्यासह, त्या वर्षी सुमारे १.८ लाख कोटी डॉलर होता आणि तूटही जवळपास तेवढीच होती. त्यामुळे कोणी 'उधळपट्टी थांबवून तूट भरून काढू' म्हणाले, की तो पैसा शंभरांतल्या कोणत्या भागातून येणार, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर त्या कलमावर सरळ काट मारावी.

'काँ' ही खूण केलेल्या कलमांची आणखी एक छाननी करावी लागते. सिनेट या काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात शंभर सदस्य आहेत आणि वादग्रस्त विधेयकावरील चर्चा संपवून मतदान घ्यायचे तर साठ मते लागतात. इतकी मते आजकाल कोणत्याच पक्षाकडे नसतात. यातून पळवाट म्हणजे 'रिकन्सिलिएशन' ही अर्थसंकल्पाशी जोडलेली पद्धत, जिच्यात साधे बहुमत चालते. २०१७ ची करकपात, २०२१ चे करोना मदत विधेयक आणि २०२५ चे कर व खर्चाचे मोठे विधेयक याच वाटेने गेले. शेवटच्या विधेयकावर सिनेटमध्ये ५०-५० अशी समान मते पडली आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने ते तरले. मात्र महसूल किंवा खर्च यांच्याशी केवळ अनुषंगाने संबंध असलेली तरतूद या वाटेने नेता येत नाही. ताशी किमान वेतन ७.२५ डॉलरवरून १५ डॉलर करण्याचे आश्वासन फेब्रुवारी २०२१ मध्ये नेमके इथे अडखळले. सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्याने ते या पद्धतीत बसत नसल्याचे मत दिले आणि १.९ लाख कोटी डॉलरच्या विधेयकातून ते गळले. राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाकडे दोन्ही सभागृहे होती, तरीही. म्हणून प्रत्येक 'काँ'पुढे विचारावे: यात थेट पैशाची देवघेव आहे, की हा केवळ नियम आहे? पैसा असेल तर आशा आहे. केवळ नियम असेल तर साठ मते कुठून येणार ते पाहावे.

'फे'ची कलमे लवकर हातावेगळी होतात. व्याजदर फेडरल रिझर्व्हची बारा मतांची समिती ठरवते. तिच्यातील सात गव्हर्नरांची मुदत चौदा वर्षांची असते आणि विभागीय बँकांच्या पाच अध्यक्षांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतच नाही. 'गृहकर्ज स्वस्त करू' हे आश्वासन तर फेडच्याही पूर्ण ताब्यात नाही, कारण तीस वर्षांच्या कर्जाचा दर सरकारी रोख्यांच्या बाजारामागे चालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये फेडने अर्धा टक्का कपात केली आणि पुढच्या काही आठवड्यांत गृहकर्जाचे दर उतरायच्या ऐवजी चढले.

प्रशासनाने स्वतः केलेले अंदाज हाताळताना जास्त सावधगिरी हवी, आणि यासाठी जानेवारी २००९ चा एक आलेख मला नेहमी आठवतो. ओबामा शपथ घेण्यापूर्वीच त्यांच्या अर्थतज्ज्ञ क्रिस्टिना रोमर आणि जेरेड बर्नस्टाइन यांनी मंदीतून सावरण्यासाठीच्या सरकारी खर्चाच्या प्रोत्साहन योजनेवर अहवाल दिला. त्यातील एका रेषेनुसार योजनेसह बेरोजगारी आठ टक्क्यांच्या आत राहणार होती. योजनेविना ती नऊच्या घरात जाणार होती. ७८,७०० कोटी डॉलरचा कायदा १७ फेब्रुवारीला झाला आणि ऑक्टोबरमध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर पोहोचली. विरोधकांनी तो आलेख पुढे वर्षानुवर्षे नाचवला. वस्तुतः चूक योजनेच्या परिणामाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, सुरुवातीच्या बिंदूत होती. २००८ च्या अखेरच्या तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के दराने आकसल्याचा पहिला सरकारी अंदाज होता. सुधारित आकडा पुढे आठ टक्क्यांच्या वर गेला. घर किती जळले आहे हे कळण्याआधीच पाण्याचे टँकर मोजले गेले होते. तेव्हा कोणताही अंदाज वाचताना 'योजनेविना काय होईल' ही रेषा आधी पाहावी, ती कोणत्या महिन्याच्या आकड्यांवर बेतली आहे हे तपासावे, आणि शेजारी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज ठेवावा. हे कार्यालय राष्ट्राध्यक्षाच्या अखत्यारीत नसते.

'न्या'साठी दोन कसोट्या पुरतात: खर्च मोठा आहे का, आणि आधार घेतलेला कायदा जुना आणि वेगळ्या हेतूने केलेला आहे का? बायडेन प्रशासनाची सुमारे ४० हजार कोटी डॉलरची विद्यार्थी कर्जमाफी २००३ च्या कायद्यावर उभी होती; सर्वोच्च न्यायालयाने ती ३० जून २०२३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. 'स'ची कलमे झटपट होतात हे खरे, पण पुढचा राष्ट्राध्यक्ष ती तितक्याच झटपट पुसतो. पॅरिस हवामान कराराचे असेच झाले: एकाने सोडला, दुसऱ्याने धरला, पहिल्याने परत येऊन पुन्हा सोडला. याला ठळक अपवाद आयातशुल्काचा. २०१८ मध्ये चीनवर लावलेले शुल्क सरकार बदलल्यावरही टिकले आणि विजेवरील मोटारींवर तर २०२४ मध्ये ते १०० टक्के झाले. सीप्झमधल्या निर्यातदाराने पक्ष बदलला की शुल्क उतरेल, असे धरून माल भरू नये.

शेवटी एच-१बी व्हिसावर ही रीत लावून पाहू, कारण घरोघरी पहिला प्रश्न त्याचाच येतो. वर्षाची ६५,००० ची मर्यादा आणि अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठीच्या २०,००० जागा कायद्याने ठरलेल्या आहेत. त्या वाढवणे किंवा घटवणे हे 'काँ'. १९ सप्टेंबर २०२५ ची एक लाख डॉलर शुल्काची उद्घोषणा ही 'स', आणि रक्कम व आधार पाहता सोबत 'न्या'ही. तिच्या पहिल्या बातम्यांनी अनेक कुटुंबांत एका रात्रीत विमानाची तिकिटे काढली गेली. मूळ कागदात मात्र ती बारा महिन्यांसाठी असल्याचे नमूद होते, आणि ती २१ सप्टेंबरनंतरच्या नव्या अर्जांसाठी आहे, आधीच व्हिसा असलेल्यांच्या परतीच्या प्रवासासाठी नाही, असा खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. असा आदेश पुन्हा निघाला, तर कोणाला लागू, कोणत्या तारखेपासून आणि किती काळासाठी, ही तीन उत्तरे मूळ मजकुरात शोधावीत आणि मगच तिकीट काढावे.