घरच्या संगणकासाठी सुरक्षित ब्राउझर निवडताना

ब्राउझर निवडताना वेग आणि दिसणे बाजूला ठेवून आधी एवढेच पाहावे, की आपल्या घरातल्या संगणकावर त्याचे अपडेट अजून येतात का. कोणतेही संकेतस्थळ उघडले की अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालतो. त्याला आवरणाऱ्या कुंपणाला कुठे भोक पडले, तर ते अपडेटमुळेच बुजते. विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकावर क्रोम आजही उघडतो, पण तो १०९व्या आवृत्तीवरच थांबलेला असतो, कारण फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११०व्या आवृत्तीपासून त्याला किमान विंडोज १० लागते. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

तपासणी सोपी आहे. क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून 'हेल्प' आणि मग 'अबाउट गूगल क्रोम' उघडावे. ते पान स्वतःच नवी आवृत्ती शोधते आणि ती उतरवून झाली की 'रीलाँच' असे बटण दाखवते. अनेक घरांत ब्राउझर आठवडेच्या आठवडे बंदच केला जात नाही, त्यामुळे आलेले अपडेट लागू न होता तसेच पडून राहते; म्हणून ते बटण दिसताच दाबावे.

तांत्रिक खटाटोप नको असेल, तर विंडोजवर आधीपासून असलेला एज आणि ॲपलच्या उपकरणांवरील सफारी पुरेसे चांगले आहेत. मात्र आयफोनवर सफारीचे अपडेट फोनच्या प्रणालीबरोबर येते, म्हणून तिथे फोनच अद्ययावत ठेवावा लागतो. क्रोम, एज आणि ब्रेव्ह यांचा पाया क्रोमियम नावाचा एकच मूळ प्रोग्राम आहे. फायरफॉक्सचा पाया वेगळा आहे, आणि संकेतस्थळांनी आपला माग काढू नये असे ज्यांना वाटते त्यांना मी तोच सुचवेन. कोणताही ब्राउझर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा फोनच्या ॲप स्टोअरमधूनच घ्यावा.

चांगला ब्राउझरही एक्स्टेन्शनमुळे, म्हणजे त्याला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममुळे, असुरक्षित होऊ शकतो. 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे' अशी परवानगी मागणारे एक्स्टेन्शन बँकेचे पानही वाचू शकते, त्यामुळे ज्याची रोज गरज नाही ते काढून टाकावे.

संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारच्या कुलुपाच्या चिन्हावर विसंबू नये. कुलूप म्हणजे मधल्या वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही इतकेच. समोरचा प्रामाणिक आहे याची ती हमी नाही, आणि याच गैरसमजामुळे क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले. भारतातील बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर येण्यास सांगितले होते, तेव्हा पत्त्याचा शेवट तसा आहे का हे पाहावे. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला असेल, तर तो ज्या पत्त्यासाठी साठवला तिथेच भरला जातो. एखाद्या दिवशी ओळखीच्या वाटणाऱ्या पानावर तो भरला गेला नाही, तर हाताने टाइप करण्याआधी तो पत्ता एकेक अक्षर करून वाचावा.