स्वस्तातला स्कोप घेताना आधी टरेट तपासा

लांबच्या टार्गेटसाठी कमी बजेटमध्ये स्कोप, म्हणजे रायफलवरची नेम धरायची दुर्बीण, घ्यायचाय? मग खोक्यावरच्या ‘३० पट’ अशा आकड्याला भुलू नका. ऊन तापलं की एवढ्या झूमवर टार्गेटऐवजी थरथरणारी हवाच दिसते. माझ्या मते १५-१८ पट भरपूर झालं. खरे पैसे टरेटचे, म्हणजे नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या नॉबचे.

टरेटचा ०.१ मिलचा (मिल हे कोन मोजायचं एकक) एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंटीमीटर. उंच कागदावर ओळंबा धरून उभी रेघ मारा, तो १०० मीटरवर लावा. रिकामी रायफल पक्की जखडून क्रॉसहेअर (स्कोपमध्ये दिसणारी फुली) रेघेच्या वरच्या टोकावर आणा आणि वरच्या दिशेने ५० क्लिक फिरवा. क्रॉसहेअर रेघेवरूनच ५० सेंटीमीटर खाली उतरला पाहिजे, आणि उलटे ५० क्लिक दिले की मूळ जागी परत. इथे चुकणारा स्कोप फुकट मिळाला तरी नको.

टरेट एमओएमध्ये (कोनाचं दुसरं एकक) आणि रेटिकल, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या खुणा, मिलमध्ये, अशी खिचडी टाळा. डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकल्यासारखा दिसतो, तो पॅरलॅक्स; त्याची वेगळी नॉब हवीच.

स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांवर मात्र कंजुषी नको. मी एकदा केली होती. दोन खोकी काडतुसं स्कोपला शिव्या घालत संपवली, आणि सैल निघाला रिंगचा स्क्रू.